ब्रुकलिनचा स्टेफॉन, बीजिंगचा ‘लाओ मा’

बीजिंग शहराच्या पश्चिम भागात वूकसोंग नावाचे मोठे क्रीडागृह आहे. २००८ च्या ऑलिंपिकमधले बास्केटबॉलचे सामने तिथेच झाले होते. या क्रीडागृहाबाहेर २०१२ साली एका खेळाडूचा पुतळा उभा राहिला. चीनमध्ये पुतळ्यांना तोटा नाही, पण हा पुतळा कुणा चिनी वीराचा नव्हता. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड वस्तीत वाढलेल्या स्टेफॉन मारबरी या कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूचा तो होता. बीजिंगच्या संघात येऊन त्याला जेमतेम एक मोसम झाला होता. ज्याच्या गावाने त्याला हुर्यो करून घालवले, त्याचा परक्या गावाने पुतळा उभारला! मला या गोष्टीचे कुतूहल वाटले ते खेळापेक्षा या उलटापालटीमुळे.

पाहुणा खेळाडू आता आपल्यालाही नवा राहिलेला नाही. २००८ पासून आयपीएलमुळे दक्षिण आफ्रिकेचा डिव्हिलियर्स बेंगळुरूच्या पोरांचा ‘एबीडी’ झाला. आपल्याकडच्या कित्येक घरांत त्याचे नाव मराठीत आणि कानडीत सारख्याच मायेने घेतले गेले. पण क्रिकेटचा पाहुणा दीड-दोन महिन्यांचा. अमेरिकन बास्केटबॉलपटूचे परदेशी जाणे मात्र पोटापाण्याचे असते. एनबीए या तिथल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत संघ अवघे तीस. त्यात जागा न मिळालेले किंवा तिथून बाहेर पडलेले शेकडो खेळाडू इटली, तुर्कस्तान, इस्रायल, चीन असे देश धरतात. करार एका मोसमाचा, बऱ्याचदा त्याहूनही कमी. दोन-चार सामने वाईट गेले की परतीचे तिकीट हातात, आणि त्याच्या जागी दुसरा अमेरिकन विमानातून उतरलेला. बहुतेक चिनी संघांना त्या काळी दोनच परदेशी खेळाडू ठेवता येत, म्हणून त्या दोघांवर सगळी भिस्त आणि पराभवाचे खापरही त्यांच्याच माथ्यावर. अशा नोकरीत कुणी गावाचा होतो, हेच मुळात नवल.

मारबरीचा जन्म २० फेब्रुवारी १९७७ चा. सात भावंडांतला सहावा. समुद्रकाठच्या सरकारी चाळवजा उंच इमारतींत घर, आणि खाली सिमेंटचे मैदान. त्याच्या आधीचे तीन भाऊ उत्तम खेळत, पण एकही एनबीएपर्यंत पोचला नाही. धाकट्यावर सगळ्या घराची आशा. तो लिंकन हायस्कूलमध्ये असताना डार्सी फ्रे या लेखकाने तिथल्या मुलांवर ‘द लास्ट शॉट’ हे पुस्तक लिहिले (ते १९९४ साली आले), त्यात हा पंधरा वर्षांच्या आतबाहेरचा, स्वतःवर भलताच विश्वास असलेला पोरगा भेटतो. बास्केटबॉल हाच वस्तीतून बाहेर पडण्याचा एकमेव जिना असेल तर त्या मुलांच्या मनावर काय ओझे येते, ते समजायला हे पुस्तक वाचावे. आपल्याकडे एखाद्या घरात थोरल्यांचे राहून गेलेले शिक्षण धाकट्याने पुरे करायचे असते, तसाच तो भार.

धाकट्याने तो उचलला. कॉलेजात एक वर्ष काढून १९९६ साली तो एनबीएच्या निवडीत चौथा आला. त्याची जागा ‘पॉइंट गार्ड’ची, म्हणजे चेंडू टप्पे देत पुढे आणायचा आणि कुणी कुठे धावायचे हे ठरवायचे. संघाची सूत्रेच म्हणा ना. तिथल्या साऱ्या कारकिर्दीत त्याची सरासरी सामन्यामागे १९.३ गुण आणि ७.६ सहाय्य अशी भरली. हे आकडे फार थोड्यांना जमतात. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्पेनविरुद्ध त्याने एकट्याने ३१ गुण केले. तरीही त्याच्या नावापुढे ‘स्वार्थी’ हा शिक्का बसला तो बसलाच. मिनेसोटात केविन गार्नेटसारखा जोडीदार सोडून तो १९९९ मध्ये निघाला, न्यू जर्सीला गेला, तिथून फीनिक्सला, आणि जानेवारी २००४ मध्ये अखेर घरी, न्यूयॉर्कच्या निक्स संघात आला.

घरीच सगळे बिनसले. वर्षाला दोन कोटी डॉलरच्या घरातला पगार, आणि संघ हरतोय. प्रशिक्षकांशी खटके उडाले ते वर्तमानपत्रांतून गाजले. २ डिसेंबर २००७ च्या रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सामना चालू असताना प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या वडिलांच्या छातीत कळ आली. ते गेल्याचे त्याला सामना संपल्यावर सांगण्यात आले. पुढच्या मोसमात नवे प्रशिक्षक माइक डॅन्टोनी यांनी त्याला बाकावरच बसवून ठेवले. (हे डॅन्टोनी स्वतः अमेरिकन असून इटलीत मिलान संघाकडून १९७७ ते १९९० खेळले आणि तिथेच मोठे झाले. परदेशाने माणसाला काय मिळते हे त्यांना ठाऊक असणार.) २००९ च्या उन्हाळ्यात मारबरीने घरातून चोवीस तास इंटरनेटवर स्वतःचे थेट चित्रण दाखवले. त्यात तो रडला, व्हॅसलीन खाल्ले, आणि सगळी अमेरिका त्याला वेडा म्हणून हसली. त्या दिवसांत मनात जीव देण्याचे विचार येत होते, असे त्याने पुढे २०१४ साली दूरचित्रवाणीवर सांगितले. हसणाऱ्यांना तेव्हा ते दिसले नव्हते.

याच काळातली एक गोष्ट मला त्या शिक्क्याशी जुळवता येत नाही. २००६ साली त्याने ‘स्टारबरी’ नावाचे बूट बाजारात आणले, किंमत १४.९८ डॉलर. बड्या खेळाडूंच्या नावाचे बूट तेव्हा शंभर डॉलरच्या पुढे विकले जात. वस्तीतल्या आईला मुलाच्या हट्टापायी महिन्याचा खर्च उलथवावा लागू नये, ही कल्पना. आणि तेच बूट घालून तो एनबीएत खेळलाही. २००८ मध्ये विकणाऱ्या दुकानाचे दिवाळे निघाले आणि बूटही गेले. चीनला जाण्यामागे या बुटांना तिथे बाजार मिळेल हा हिशोब होता, हेही सांगायला हवे. तो काही संन्यास घेऊन निघाला नव्हता.

जानेवारी २०१० मध्ये तो शान्शी प्रांतातल्या तायुआनला पोचला. कोळशाच्या खाणींचा मुलूख, कडाक्याची थंडी. विमानतळावर त्याला पाहायला शेकडो लोक जमले होते. त्याच मोसमात चिनी लीगच्या ऑल-स्टार सामन्यात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण वर्ष संपायच्या आत संघाने खेळाडू म्हणून त्याला नको म्हटले, प्रशिक्षणाचे काम पुढे केले. ते त्याने नाकारले. मग दक्षिणेतले फोशान, तळाचा संघ. आणि २०११ मध्ये बीजिंग. आपण बाहेरून सरसकट ‘चिनी भाषा’ म्हणतो, पण तायुआनची बोली वेगळी, फोशानला कँटोनीज, बीजिंगला मँडरिन. निपाणीहून हुबळी आणि तिथून मंगळूर गाठणाऱ्याला येतो तसलाच अनुभव. यांतली एकही भाषा त्याची नव्हती. पत्रकारांशी तो दुभाष्यामार्फत बोले, आणि ‘चायना डेली’ या इंग्रजी दैनिकात काही काळ त्याने स्तंभही लिहिला.

मग हा माणूस बीजिंगकरांना आपला वाटला कसा? मला वाटते, पहिले कारण अगदी साधे आहे. तो त्यांच्यात वावरला. सामन्याला जायला भुयारी रेल्वेत बसे. उंचापुरा, अंगभर गोंदलेला परदेशी माणूस गर्दीत दांडा धरून उभा आणि आजूबाजूचे लोक मोबाइलवर फोटो काढताहेत, असे चित्र तिथे गाजले. परदेशी खेळाडूने मोसम संपल्याबरोबर सामान बांधायचे असते; हा शहरात घर असल्यासारखा राहिला.

माझी सासुरवाडी धारवाडकडची. लग्नानंतरची पहिली दोनेक वर्षे माझे कानडी ‘हौदु’ आणि ‘साकु’ या दोन शब्दांवर चालले होते, पण पंगतीत ‘अळिया’ म्हणून पानात वाढले जाई ते भाषेची परीक्षा घेऊन नव्हे. आपण मराठीत ‘जेवलास का?’ विचारतो, कानडीत ‘ऊट आय्ता?’. जुन्या बीजिंगमध्येही भेटल्यावर ‘छ्र ल मा?’, म्हणजे ‘जेवण झाले का?’ असेच विचारायची रीत आहे. अशा गावात रुळायला व्याकरण नंतर आले तरी चालते.

दुसरे कारण खेळाच्या नियमात दडलेले आहे. त्या वर्षांत चिनी लीगमध्ये दोन परदेशी खेळाडूंना मिळून सहा सत्रेच खेळता येत, आणि शेवटच्या सत्रात मैदानावर एकच परदेशी चाले. म्हणजे सामना अटीतटीला आला की मारबरीच्या भोवती चार स्थानिक खेळाडू. तिथे एकट्याने तारे तोडून भागत नाही. त्या चौघांना भरवशाचे करावे लागते. त्यात तैवानचा ली श्वेलिन हा चपळ गार्ड होता, मिन लूलेई हे शांत प्रशिक्षक होते. खुणा, टाळ्या, पाठीवर थाप, एवढ्या भांडवलावर संघ बांधला गेला. २०११-१२ च्या मोसमात बीजिंगने सुरुवातीचे सलग तेरा सामने जिंकले. उपांत्य फेरीत गाठ पडली ती ज्यांनी त्याला सोडले त्या शान्शीशीच, आणि ती लढत पाचव्या सामन्यापर्यंत गेली.

अंतिम फेरीत समोर ग्वांगडोंग होता. आधीच्या आठ वर्षांतली सात विजेतेपदे या एका संघाकडे, आणि बीजिंगकडे तोवर एकही नाही. ३० मार्च २०१२ च्या रात्री बीजिंगने पाचवा सामना १२४-१२१ असा जिंकून फेरी ४-१ ने खिशात घातली. मारबरीचे गुण ४१. शेवटची शिट्टी झाल्यावर तो मैदानावरच ढसाढसा रडला. त्याच वर्षी पुतळा उभा राहिला. पुढे २०१४ आणि २०१५ अशी आणखी दोन विजेतेपदे आली. २०१४ मध्ये शहराने त्याला मानद नागरिक केले, आणि ‘मी मारबरी आहे’ या नावाचे संगीत नाटक रंगभूमीवर आले, त्यात तो स्वतःच्याच भूमिकेत उभा राहिला. नंतर चीनमध्ये कायम राहण्याचा परवानाही मिळाला. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला, त्यातही तोच.

चिनी लीगचा दर्जा एनबीएच्या जवळपासही नाही, आणि तिशी ओलांडलेला मारबरी तिथे उठून दिसणारच, असे म्हणणारे आहेत. ते खरेच आहे. पण त्याच लीगमध्ये त्याच्याहून तरुण, त्याच्याहून उंच उडी मारणारे कितीतरी अमेरिकन आले आणि पैसे घेऊन गेले. त्यांची नावे आज कुणाला आठवतात?

मला स्वतःला पुतळ्यापेक्षा त्याची टोपणनावे बोलकी वाटतात. ‘मारबरी’चे चिनी रूप ‘माबुली’, त्यातले ‘मा’ हे अक्षर घोड्याचे. त्यावरून बीजिंगकर त्याला ‘लाओ मा’ म्हणू लागले. शब्दशः ‘म्हातारा घोडा’, पण ‘लाओ’ हे वयाने मोठ्या माणसाला आपुलकीने लावायचे उपपद आहे. मराठी आणि कानडी दोन्हींत ‘अण्णा’ जे काम करते, जवळजवळ तेच. शिवाय, वाट म्हाताऱ्या घोड्यालाच ठाऊक असते अशा अर्थाची एक जुनी चिनी म्हण आहे, तिचीही छटा त्या नावाला आपोआप आली. दुसरे नाव ‘मा जंगवेई’. जंगवेई म्हणजे लष्करात सैनिकांचे मनोधैर्य सांभाळणारा राजकीय अधिकारी. सहकाऱ्यांना सतत धीर देत राहतो म्हणून चाहत्यांनी ते दिले. न्यूयॉर्कमध्ये संघ मोडणारा म्हणून बदनाम झालेल्या माणसाला बीजिंगमध्ये हे नाव मिळाले. माणूस बदलला की भोवतालची माणसे बदलली? दोन्ही थोडेथोडे, असे मला वाटते. तिकडे त्याच्याकडून सगळ्यांना काहीतरी वसूल करायचे होते. इकडे त्याची गरज होती, आणि वडिलांच्या जाण्यानंतर गरज असणारी जागा त्यालाही हवी होती.

ब्रुकलिनही सुटले नाही. २०२० च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये करोनाने कहर केला तेव्हा चिनी उत्पादकांकडून एक कोटी मास्क आपल्या गावी मूळ किमतीत पोचवता यावेत म्हणून त्याने खटपट केली.

बीजिंगच्या जुन्या संघाशी त्याचे २०१७ मध्ये फाटले. चाळिशीला आलेल्या माणसाने आता सहायक प्रशिक्षक व्हावे, असे संघाला वाटत होते. त्याला अजून खेळायचे होते. पण शहर सोडून तो गेला नाही. बीजिंगच्याच दुसऱ्या, नवख्या संघाकडून एक मोसम खेळला. ११ फेब्रुवारी २०१८ ला त्याचा शेवटचा सामना झाला. संघ १०४-९२ ने जिंकला, त्याचे गुण वीस. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तो याच दुसऱ्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.