एका ढांगेची रेल्वे आणि वर्गणीचा डबा

एका रुळावर डावा पाय ठेवा, साधी ढांग टाका. उजवा पाय दुसऱ्या रुळावर! यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरची आपली शकुंतला धावायची त्या रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. ब्रॉडगेज याच्या दुपटीहून रुंद.

किलिक-निक्सन कंपनीने हा सुमारे १९० किलोमीटरचा मार्ग टाकला तो वऱ्हाडच्या कापसासाठी. गाठी मुंबईला जायच्या, तिथून बोटीने मँचेस्टरला. आणि त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेलं वाफेचं इंजिन इथे सत्तर वर्षं राबलं! १५ एप्रिल १९९४ ला ते थांबलं आणि डिझेल आलं. देशभरची रेल्वे सरकारची झाली तरी ही लाइन मात्र खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. छोट्या स्टेशनांवर तिकिटं द्यायचा तो गाडीचा गार्डच.

आता गाडी बंद आहे. ब्रॉडगेज हवीच, त्यात दुमत नाही. पण शकुंतलेचा निदान एक डबा तरी नीट करून यवतमाळात उभा राहावा, असं मला मनापासून वाटतं.

हे होतं का? होतं! वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून हौशी स्वयंसेवक चालवतात. अशी ती जगातली पहिली. ‘थॉमस’ या बोलक्या इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे पाद्री ऑड्रीही तिथे गार्ड म्हणून राबले. वेल्समधलीच वेल्शपूल–लॅनफेअर लाइन तर शकुंतलेसारखी अडीच फुटी. १९५६ साली बंद पडली, १९६३ मध्ये स्वयंसेवकांनी पुन्हा सुरू केली.

जुन्या डब्याचं काम छतापासून धरतात. गळतं पाणी भिंतीच्या आतून झिरपत तळाच्या चौकटीत साचतं. वरून रंग छान दिसतो, पण खालच्या लाकडात पेचकस टोचला की भुसभुशीत भुगा हातात येतो. कुजलेला तुकडा कापायचा, त्याच मापाचा नवा बसवायचा, मग घासकाम. रंग सगळ्यात शेवटी. चाकं, स्प्रिंगा, ब्रेक हे जाणत्या फिटरचं काम. घासायला, पुसायला, रंगवायला मात्र कॉलेजातली पोरंही चालतात.

पैशाचं म्हणाल, तर लोकवर्गणी वऱ्हाडाला कुणी शिकवायला नको. शकुंतलेचं जंक्शन मूर्तिजापूर; त्याच तालुक्यातल्या दापुरीत मामाकडे गाडगेबाबा वाढले आणि पुढे लोकांच्या पैशातून त्यांनी नाशिक-पंढरपूरला धर्मशाळा उभ्या केल्या.

खिडक्यांच्या चौकटींना सागवान लागेल, ते यवतमाळच्या जंगलातलं घरचंच. सुतारही आपल्याकडे आहेत. पावतीपुस्तक छापा, पहिली पावती माझ्या नावाने फाडा.