स्कूटरच्या धुराचा ताळेबंद

बजाजची ‘चेतक’ १९७२ साली बाजारात आली आणि महाराष्ट्रातील कितीतरी व्यापारी घरांची ती लक्ष्मी ठरली. पुढे उभे राहिलेले मूल, मागे गृहिणी, पायाशी मालाचा गठ्ठा. दुकान आणि संसार एकाच वाहनावर चालत. तिचे इंजिन मात्र टू-स्ट्रोक होते. पेट्रोलबरोबर तेलही जळे, त्याचा निळसर धूर दिसे. न दिसणारी हानी अधिक मोठी होती: पेट्रोलच्या ताज्या मिश्रणाचा बराच अंश न जळताच धुराच्या नळीवाटे निसटे. व्यापाराच्या भाषेत ही निव्वळ घट.

फोर-स्ट्रोक इंजिनांनी ही घट पुष्कळ रोखली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० वर उतरली. कार्बन डायऑक्साइडचे खाते मात्र वेगळे आहे. एक लिटर पेट्रोल वजनाने सुमारे पाऊण किलो. ते जळून सुमारे २.३ किलो वायू निर्माण होतो. बेरीज चुकलेली नाही. जळताना कार्बनला जडणारा हवेतील ऑक्सिजनही त्यात मोजला जातो. रोज २० किलोमीटर धावणारी, लिटरला ५० किलोमीटर देणारी स्कूटर ३०० दिवसांत १२० लिटर पेट्रोल पिते आणि सुमारे २७५ किलो वायू सोडते. मोटारीपुढे हे थोडेच, म्हणून स्कूटरला सरसकट दूषण देणे अन्यायाचे. परंतु एकाच घरात तीन स्कूटर असतील तर हा आकडा सव्वाआठशे किलोंवर जातो.

कोपऱ्यावरून कोथिंबीर आणण्यासाठी मारलेली फेरी तर सर्वांत महाग. थंड इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तापल्यावाचून काम करीत नाही. तो तापेपर्यंत कोथिंबीर घरी पोहोचलेली असते!

विजेवरची ‘चेतक’ २०२० पासून विक्रीस आली. तिच्यामागे धूर नाही. पण महाराष्ट्राची बरीचशी वीज अजूनही चंद्रपूर, कोराडी येथील केंद्रांसारख्या ठिकाणी कोळशावर तयार होते. तेवढ्याच अंतरासाठी तिच्या नावे पेट्रोलच्या स्कूटरच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड पडतो. गल्लीतला धूर मात्र थांबतो, आणि शाळेला निघालेल्या मुलांचे नाक त्या नळीच्या फारसे वर नसते.