बारा वाजायच्या आत

२००८च्या उन्हाळ्यात माझा मुक्काम पिट्सबर्गला होता. तिथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाचा सलग सोळावा हंगाम पराभवात चालला होता. नदीकाठचं मैदान देखणं, तिकिटं स्वस्त आणि खुर्च्या रिकाम्या. त्यामुळे ऑगस्टच्या मध्यावर गावात चर्चा होती ती सामन्यांची नाही, एका सहीची. पेद्रो अल्वारेझ नावाचा व्हँडरबिल्ट विद्यापीठातला दांडगा फलंदाज पायरेट्सनी जूनच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला होता. सहीची मुदत होती १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत. माझ्या ऑफिसातला एक जुना पायरेट्सभक्त दिवसभर एकच वाक्य म्हणत होता, "मागच्या वर्षीसारखं करू नका म्हणजे झालं." मागच्या वर्षी संघाने मॅट वीटर्स हा महागडा खेळाडू सोडून स्वस्तातला गोलंदाज घेतला होता. गावाने ते पोटात ठेवलं होतं, विसरलेलं नव्हतं.

या सहीत एवढं काय अडतं, हे मला तेव्हा समजून घ्यावं लागलं. १९६५पासून चालत आलेल्या ड्राफ्टमध्ये आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला तेव्हा आधी निवड मिळायची, आणि निवडलेल्या पोराला फक्त त्याच संघाशी बोलता येतं. दुसरं गिऱ्हाईक नाही, म्हणजे भावही नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट उरते: "नाही जमत, मी कॉलेजला जातो." ही धमकी वर्ग सुरू होईपर्यंतच चालते. पूर्वी मुदत खेळाडूगणिक बदलायची आणि घोंगडं महिनोन् महिने भिजत पडायचं. २००७पासून सगळ्यांना एकच तारीख आली. घोंगडं वाळेल अशी अपेक्षा होती. झालं असं, की सगळी घोंगडी एकाच रात्री पिळायची वेळ आली.

त्याला कारण होतं. प्रत्येक क्रमांकाला किती बोनस द्यावा याचा आकडा बेसबॉल आयुक्तांचं कार्यालय सुचवायचं. तो बंधनकारक नव्हता, पण ओलांडायचा तर आधी कार्यालयाशी बोलावं लागे, आणि असे करार जाहीर व्हायला शेवटचा दिवस उजाडे. गंमत अशी, की या आकड्यांसाठी संघांना दटावण्याचं काम ज्या वकिलाने केलं होतं, तो फ्रँक कूनेली आता पायरेट्सचाच अध्यक्ष झाला होता. समोर होता स्कॉट बोरास, या धंद्यातला सर्वांत नावाजलेला एजंट. त्याची हातोटी ठरलेली: शेवटच्या तासापर्यंत आकडा सांगायचाच नाही. कॉलेजच्या खेळाडूला एजंट ठेवायची मनाई असल्याने कागदोपत्री त्याला 'सल्लागार' म्हणायचं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार सगळे जाणून होते. अँडी ऑलिव्हर नावाच्या गोलंदाजाला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. बोलणी चालू असताना त्याचा वकील खोलीत होता, एवढ्यावरून २००८मध्ये त्याला कॉलेजच्या संघातून निलंबित केलं. तो कोर्टात गेला आणि शेवटी साडेसात लाख डॉलर घेऊन मिटवलं.

त्या रात्री बाराच्या सुमारास बातमी आली: अल्वारेझ, ६० लाख डॉलर. ऑफिसातल्या भक्ताने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना डोनट वाटले. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोने पाचव्या क्रमांकाच्या बस्टर पोझीला ६२ लाख दिले होते. दुसरा क्रमांक पाचव्यापेक्षा स्वस्त ठरला, ही बोच कुणाला लागली असेल ते सांगायला नको.

ऑगस्ट संपत आला तरी कागदावर सही नव्हती. मग कूनेलीने जाहीर पत्रक काढलं: तोंडी करार मुदतीत झाला होता आणि आता समोरचे तो पुन्हा उघडू पाहताहेत. खेळाडूंच्या संघटनेने उलट तक्रार दाखल केली: मुदत ही मालक आणि संघटना यांच्यात ठरलेली गोष्ट. आयुक्तांच्या कार्यालयाने आम्हाला न विचारता काही संघांना ती वाढवून दिली. त्यामुळे बारानंतर ठरलेला व्यवहार व्यवहारच नव्हे. आता, ड्राफ्टमधली पोरं या संघटनेची सभासदही नसतात. पण घड्याळ कुणाचं, हा प्रश्न तिचा होता, आणि मला वाटतं तिथे ती बरोबर होती.

आपल्याकडे ३१ मार्चच्या रात्री कोषागारात तारीख पहाटेपर्यंत ३१च राहते. बिलं निघाली की मग १ एप्रिल उजाडतो. सगळ्यांच्या सोयीचं असतं तोवर कुणी घड्याळाकडे बोट दाखवत नाही. इथे एकाची सोय मोडली आणि बोट वर झालं.

भरडला गेला तो तिसराच. एरिक हॉस्मर, कॅन्सस सिटीची तिसऱ्या क्रमांकाची निवड, बोरासचाच खेळाडू, त्याच रात्री ठरलेले ६० लाख. त्याने सही करून आयडाहो फॉल्सला खेळायलाही सुरुवात केली होती. त्याची काहीच तक्रार नव्हती. पण त्याचाही करार त्याच घड्याळावर टांगलेला, म्हणून निकाल लागेपर्यंत त्याला बाहेर बसवलं. सप्टेंबरात लवाद श्याम दास यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. निकालाआधीच तडजोड निघाली. अल्वारेझला बोनसऐवजी चार वर्षांचा मेजर लीग करार मिळाला, रक्कम ६० लाखांहून थोडीशीच अधिक. हॉस्मरचे आकडे तसेच राहिले. बारा वाजून किती मिनिटांनी काय ठरलं, यावर निवाडा असा झालाच नाही.

त्याच वर्षी वॉशिंग्टनने ॲरन क्रो या गोलंदाजाशी काही लाखांच्या फरकावरून बोलणी तुटू दिली. तो टेक्सासात एका स्वतंत्र संघाकडून खेळला आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये पुन्हा उभा राहिला. २००९मध्ये वॉशिंग्टननेच स्टीफन स्ट्रासबर्गला विक्रमी १ कोटी ५१ लाखांवर बांधलं तेव्हा मुदतीला जेमतेम मिनिट-सव्वा मिनिट उरलं होतं. २०१०मध्ये ब्राइस हार्परच्या वेळी तर तेवढंही नाही. हा तमाशा मालकांना परवडेना.

२०१२पासून नियम बदलले. मुदत जुलैवर आली, ड्राफ्टमधल्या खेळाडूंना मेजर लीग करार देणं बंद झालं, आणि पहिल्या दहा फेऱ्यांसाठी प्रत्येक संघाला एकत्रित बोनसची थैली ठरवून दिली गेली. ती फार ओलांडली तर पुढल्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड जाते. घासाघीस कमी झाली, हे खरं. पण घोडं आता दुसरीकडे पेंड खाऊ लागलं: डॉक्टरच्या खोलीत.

२०१४मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी पहिल्या क्रमांकावर ब्रेडी एकेन हा शाळकरी डावखुरा गोलंदाज घेतला. ६५ लाखांवर एकमत झालं. नंतर एमआरआयमध्ये त्याच्या कोपराचा स्नायुबंध नेहमीपेक्षा लहान दिसला; दुखत काहीच नव्हतं. संघाने आकडा खाली आणला, पार ३१,६८,८४० डॉलरपर्यंत. हा आकडा अंदाजपंचे नव्हता: त्या क्रमांकाच्या नेमलेल्या रकमेचे बरोबर ४० टक्के. तेव्हाच्या नियमाने तेवढा देकार दिला की खेळाडूने नकार दिला तरी पुढल्या वर्षी संघाला भरपाईची निवड मिळायची. १८ जुलैला अखेरच्या मिनिटांत देकार ५० लाखांवर गेला. एकेनकडून होकार आला नाही.

पण मला अस्वस्थ करतो तो पाचव्या फेरीतला जेकब निक्स. त्याच्याशी १५ लाखांचं ठरलं होतं, वैद्यकीय तपासणीही झाली होती. त्याचे पैसे मात्र एकेनच्या वाचलेल्या रकमेतून यायचे होते. एकेनने सही केली नाही, तर त्याच्या क्रमांकाची अख्खी रक्कम थैलीतून वजा. आणि त्यानंतर निक्सला शब्द दिल्याप्रमाणे पैसे दिले, तर संघ दंडाच्या कचाट्यात. शब्द मागे घेतला गेला. एका मुलाच्या कोपरावरून दुसऱ्याचा करार बुडाला. निक्सने तक्रार केली, पुढे तडजोड झाली. भरपाईच्या निवडीवर ॲस्ट्रोजना २०१५मध्ये ॲलेक्स ब्रेगमन मिळाला. एकेनच्या कोपरावर त्या वसंतात शस्त्रक्रिया झाली. तो मेजर लीगपर्यंत पोचला नाही. निक्स पोचला. संघाची शंका खरी ठरली म्हणून ४० टक्क्यांचा तो खेळ सरळ होता, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आईकडून भारतीय वंशाचा कुमार रॉकर २०२१मध्ये याच खोलीत अडकला. न्यूयॉर्क मेट्सनी दहाव्या क्रमांकावर घेतलं, ६० लाख ठरले, तपासणीनंतर संघाने करार केलाच नाही आणि १ ऑगस्टची मुदत उलटून गेली. ड्राफ्टआधीच्या एमआरआय योजनेत तो नव्हता, म्हणून त्याला किमान ४० टक्के देकाराचं संरक्षणही नाही. मेट्सना बदल्यात पुढची अकरावी निवड मिळाली. रॉकरने खांद्यावर शस्त्रक्रिया करून घेतली, एका छोट्या स्वतंत्र लीगमध्ये काही सामने खेळला, आणि २०२२मध्ये टेक्सास रेंजर्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं, ५२ लाखांना. त्या वेळी मुदतीला काही दिवस बाकी असतानाच सही झाली.