ऐकणारे किती? पॉडकास्टची मोजणी आणि त्याच्या खर्चाचा प्रश्न

१९६३ हे वर्ष दोन कारणांसाठी आपण स्मरणात ठेवावे असे आहे. त्या वर्षी सांगलीत आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने समाजसंपर्क साधनांविषयीचा 'इंटर मिरिफिका' हा दस्तऐवज घोषित केला. आता त्या साधनांत पॉडकास्टची, म्हणजे मोबाइलवर सवडीने ऐकता येणाऱ्या ध्वनिमुद्रित कार्यक्रमांची, भर पडली आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील कॅथलिक कुटुंबे संख्येने थोडी व विखुरलेली आहेत. त्यांच्यापर्यंत मराठी प्रवचन किंवा बायबलवाचन पोहोचविण्याचा हा सोयीचा मार्ग आहे. मात्र ध्वनिमुद्रणासाठी पैसे लागतात आणि पैशांचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो: हे ऐकते तरी कोण? या प्रश्नाचे उत्तर कसे काढले जाते व त्यावर किती विसंबावे, हे आम्ही येथे मांडत आहोत.

रेडिओच्या काळातील मोजणी

रेडिओच्या प्रक्षेपकाला आपला आवाज कोणाच्या घरी पोहोचला हे कळत नाही. एके काळी रेडिओसंचासाठी टपाल कार्यालयात परवाना शुल्क भरावे लागे. त्यावरून संच किती हे समजे, श्रोते किती हे नव्हे. उरलेला अंदाज श्रोत्यांच्या पत्रांवरून व आकाशवाणीच्या श्रोता संशोधन विभागाच्या पाहण्यांवरून बांधला जाई. २००७ पासून खासगी रेडिओसाठी श्रोत्यांकडून रोजनिशी भरून घेण्याची पद्धत आली, पण ती मुंबई, दिल्ली, बंगळूर व कोलकाता या महानगरांपुरती होती. म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' किंवा जत तालुक्यातील जालिहाळची 'येरळावाणी' यांसारखी सामुदायिक केंद्रे त्या मोजणीच्या कक्षेत येत नव्हती. तरीही ही केंद्रे उभी राहिली, कारण त्यांच्यामागे स्थानिक सेवाभावी संस्था होत्या.

डाउनलोड म्हणजे श्रोता नव्हे

पॉडकास्टचे भाग सर्व्हर नावाच्या संगणकावर साठविलेले असतात. एखाद्या मोबाइलने भाग मागविला की तेथे नोंद होते. हीच नोंद म्हणजे डाउनलोड. जाहिरात क्षेत्रातील 'इंटरॅक्टिव्ह ॲडव्हर्टायझिंग ब्युरो' या संस्थेने या नोंदींची गाळणी करण्याचे नियम केले आहेत. किमान एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण उतरविले गेले तरच ते मोजावे, एकाच ठिकाणाहून एकाच उपकरणाने चोवीस तासांत पुन्हा मागणी केल्यास ती एकच धरावी आणि यंत्रांनी आपोआप केलेल्या मागण्या वगळाव्यात, असे ते नियम आहेत.

इतके करूनही आकडा फुगू शकतो. अनेक मोबाइल नवा भाग आपोआप उतरवून घेतात आणि तो न ऐकताच पडून राहतो. २०२३ साली ॲपल कंपनीने आपल्या आयफोनवरील ही आपोआप उतरविण्याची पद्धत बदलली, तेव्हा अनेक कार्यक्रमांचे आकडे खाली आले. ऐकणारे तेवढेच होते, फक्त न ऐकलेल्या प्रती कमी झाल्या.

आपल्याकडे याच्या उलटही घडते. कोणी प्रवचनाची ध्वनिफीत व्हॉट्सॲपवरून पाठविली आणि ती पन्नास घरांत ऐकली गेली, तरी सर्व्हरवर त्याची एकही नोंद होत नाही. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी सहा जणांनी एका मोबाइलवर बायबलवाचन ऐकले, तर नोंद एकच. शिवाय मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना इंटरनेटवरचा एकच पत्ता वाटून देतात. त्यामुळे सारखाच मोबाइल वापरणारे दोन श्रोते एकच गणले जाऊ शकतात.

खर्चाचा मार्ग

जाहिरातदार दर हजार डाउनलोडमागे पैसे देतो. समजा हा दर ३०० रुपये आहे आणि आपला भाग १५० वेळा उतरविला गेला, तर हाती ४५ रुपये येतील. त्यात एका दिवसाचा प्रवासखर्चही निघणार नाही. यावरून कार्यक्रम निरुपयोगी ठरत नाही. हजारांची मोजपट्टी लहान समाजाला लागू पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे दुसरी परंपरा आहे. १९०३ साली सुरू झालेले 'निरोप्या' मासिक वर्गणीदारांच्या आधाराने वाढले. एका अंकाचे वाचक घरात किती, याची चिंता कोणी केली नाही. त्याच रीतीने चाळीस कुटुंबांनी दरमहा ५० रुपये दिले, तर २,००० रुपये जमतात. लहान कार्यक्रमाला हा आधार जाहिरातीपेक्षा पुष्कळ मोठा आहे.

मात्र देणगीदारांना खरा हिशेब मिळाला पाहिजे. डाउनलोडचा आकडा डाउनलोड म्हणूनच सांगावा, त्याला श्रोते म्हणू नये. ॲपल व स्पॉटिफाय यांच्या सेवांत लोकांनी भाग कोठपर्यंत ऐकला हे निर्मात्याला पाहता येते, त्याकडे लक्ष द्यावे. दीडशेपैकी शंभर जण शेवटपर्यंत थांबत असतील, तर ते दीड हजारांनी दोन मिनिटांत सोडून देण्यापेक्षा मोलाचे आहे. त्याखेरीज तीन महिन्यांतून एकदा रविवारच्या मिस्सानंतर धर्मग्रामात चिठ्ठ्या वाटून विचारावे: कोणता भाग ऐकलात, घरात किती जणांनी ऐकला, तो कोणाकडून मिळाला? व्हॉट्सॲपवरून ऐकणाऱ्यांचा शोध याच मार्गाने लागेल.

२०२२ च्या जागतिक संपर्क दिनासाठी पोप फ्रान्सिस यांनी अंतःकरणाच्या कानाने ऐकणे हा विषय दिला होता. असे ऐकणे कोणत्याही सर्व्हरला मोजता येणार नाही. तरीही मोजणी टाकून देऊ नये. दावीद राजाची शिरगणती देवाला आवडली नाही, परंतु शंभरातले एक मेंढरू हरवल्याचे मेंढपाळाला कळले तेही मोजल्यामुळेच. कोण अद्याप पोहोचायचे राहिले आहे हे समजण्यासाठी आपण मोजावे आणि जे ऐकत आहेत त्यांच्यासाठी, ते थोडे असले तरी, हे कार्य उदार हाताने चालू ठेवावे.