खालिद जमील यांचा सब्र

भोरला वळायचे कापूरहोळ आणि वेल्ह्याला जायचा नसरापूर फाटा ज्या महामार्गावर आहेत, त्याच महामार्गाला पुण्याच्या पलीकडच्या टोकाला बालेवाडीचे क्रीडासंकुल लागते. बारा-तेरा वर्षांपूर्वी मुंबई एफसी हा फुटबॉल क्लब घरचे सामने तिथे खेळायचा. संघ मुंबईचा, मैदान पुण्याचे आणि तिजोरी बेताची. त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील. १ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. गोव्याच्या सावियो मदेरा यांच्यानंतर, म्हणजे तेरा वर्षांनी, हे पद एका भारतीयाला मिळाले.

जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. तिथल्या एका शिबिरात फ्रान्सचे मिशेल प्लातिनी यांची भेट झाली आणि फुटबॉल डोक्यात बसला. आखाती युद्धाच्या काळात कुटुंब भारतात आले. १९९७ मध्ये ते महिंद्र युनायटेडमध्ये दाखल झाले, मग एअर इंडिया, मग पुन्हा महिंद्र. खेळायचे मधल्या फळीत. भारताची जर्सीही अंगावर आली. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांकडून बोलावणे आले, तेव्हा त्यांनी नकार दिला. दोघांचेही प्रायोजक मद्य कंपन्या होत्या. ऐन उमेदीत हे पाऊल परवडणारे नव्हते. दुखापतींनी पुढची वर्षे खाल्ली आणि २००९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे खेळणे थांबले.

त्याच वर्षी मुंबई एफसीने त्यांना प्रशिक्षक केले. पुढची सात वर्षे काम एकच: संघ खालच्या श्रेणीत घसरू द्यायचा नाही. गोल खायचा नाही, संधी येईपर्यंत वाट पाहायची. असा खेळ कंटाळवाणा असल्याची टीका झाली, आणि खरे सांगायचे तर कधीकधी तो असायचाही. पण संघ एकदाही घसरला नाही. २०१६ मध्ये मात्र त्यांना निरोप मिळाला.

ते मिझोरमच्या आयझॉल एफसीत गेले. जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबईतले शिष्यही तिथे आले. आयझॉल आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्यातल्या क्लबांनी माघार घेतली म्हणूनच त्याला परत घेतले गेले. अख्ख्या मिझोरमची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अकरा लाखांच्या आत, आणि एकट्या पुणे जिल्ह्याची ९४ लाख. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला शेवटच्या सामन्यात आयझॉलला बरोबरी पुरेशी होती. सुरुवातीलाच गोल बसला. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने तो फेडला. १-१. आयझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्येतला क्लब पहिल्यांदाच देशाचा विजेता झाला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून घसरला.

पुढे ज्या दोन क्लबांना खेळाडू म्हणून नाही म्हटले होते, त्या दोघांचेही ते प्रशिक्षक झाले. इंडियन सुपर लीगमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांनी २०२१ मध्ये उपांत्य फेरीत नेले. भारतीय प्रशिक्षकाला ते प्रथमच जमले होते. मग जमशेदपूर.

राष्ट्रीय संघाने त्यांच्या हाताखाली पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवले. ८ सप्टेंबरला ओमानवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात करून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. पण १४ ऑक्टोबरला मडगावात, छांगतेने आघाडी मिळवून दिल्यावरही, सिंगापूरने २-१ ने सामना फिरवला आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. लगेच बोटे रोखली गेली. क्रोएशियाचे इगोर स्टिमाच यांना या पदावर पाच वर्षे मिळाली होती. जमील यांना तोवर मिळाले होते अडीच महिने.