भाव नेमका कशाचा करतोय आपण?

घासाघीस आपल्याला नवी नाही. आठवडी बाजारात वीसची मेथीची जुडी पंधराला मागताना कुणाला अपराधी वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही. भाजीवालीला परवडलं नाही तर ती सरळ "नाही जमत" म्हणते. पण हीच सवय घेऊन परदेशात राहायला गेलेला माणूस नकली ब्रँडच्या बाजारात शिरला, की प्रश्न बदलतो. कसा, ते एका खऱ्या बाजारावरून पाहू.

चीनच्या राजधानीत, बीजिंगमध्ये, वकिलातींच्या भागाजवळ शिउश्वेइ नावाचा बाजार आहे. परदेशी लोक त्याला 'सिल्क स्ट्रीट' म्हणतात. आधी ती उघडी गल्ली होती. २००५ मध्ये तिची जागा बहुमजली इमारतीने घेतली. रेशमासाठी नाव झालेला हा बाजार नकली पर्स, घड्याळं, बुटांसाठीही तेवढाच गाजला.

इथे भाव होतो कॅल्क्युलेटरवर. भाषा आली नाही तरी अडत नाही. विक्रेती आकडा दाबून दाखवते, तुम्ही तो पुसून आपला दाबता. समजा, एका बड्या फ्रेंच कंपनीचं नाव असलेली पर्स ८०० युआनवरून १२० वर आली. आता नीट बघा. ती ८०० सांगते ते पर्सवरच्या नावाच्या जोरावर. तुम्ही १२० वर आणता ते "नाव खोटं आहे" या जोरावर. म्हणजे दोघं मिळून भाव करताय तो तिसऱ्याच्याच नावाचा!

तो तिसरा गप्प बसला नाही. २००५ मध्ये लुई व्हितॉं, गुची, बर्बेरी, प्राडा आणि शनेल या पाच कंपन्यांनी बीजिंगच्या न्यायालयात दावा लावला. कळवूनही बाजारचालकाने नकली माल वेळेत थांबवला नाही, असं न्यायालयाने धरलं. बाजारचालक आणि पाच गाळेवाले यांना मिळून एक लाख युआन भरपाई द्यावी लागली. कंपन्यांच्या मानाने रक्कम किरकोळच, पण जागा देणाराही जबाबदार ठरला, हे महत्त्वाचं.

या निकालात ग्राहक कुठेच नाही, लक्षात आलं? आपल्यासाठी एखादी पर्स घेणाऱ्याला बहुतेक देशांत कुणी हात लावत नाही. इटली त्याला अपवाद. तिथे असा माल घेणाऱ्यालाच ७,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. बीजिंगमध्ये मात्र धाड पडली तर गाळा बंद होतो विक्रेतीचा. परदेशी माणूस वर्ष-दोन वर्षं राहून घरी जातो. शेवटचे वीस युआन तोडल्याचा पराक्रम तो जेवणाच्या टेबलावर सांगतो, ते वीस तिच्या नाहीतर शिवणाऱ्या कामगाराच्या खिशातून जातात. कंपनीला त्यातला एक पैसाही मिळणार नव्हताच.

"कंपन्या तरी कुठे साधुसंत? नावाचेच तर पैसे लावतात!" हे म्हणणं मला अर्धं पटतं. पण मग ते नाव नको म्हणा की. त्याच इमारतीत बिननावाचे रेशमी स्कार्फ आहेत, कपडे शिवून देणारे शिंपी आहेत. तिथे कॅल्क्युलेटर झिजेपर्यंत भाव करा, माझं काही म्हणणं नाही. नाव काढून टाकल्यावर तीच पर्स १२० ला घ्याल का, एवढं स्वतःला विचारायचं. (फोनचा चार्जर किंवा औषध नकली असेल तर हा प्रश्नही उरत नाही, तिथे थेट जिवाशी गाठ.)

"मला माहीत होतं, मग फसवलं कुणाला?" असंही लोक म्हणतात. ठीक आहे. पण परदेशातून येताना अशा वस्तू एकट्यासाठी थोड्याच आणतात? एक पर्स आत्यासाठी असते. देताना 'नकली आहे' असं कुणी सांगत नाही. आत्या ती लग्नात मिरवते, आणि कुणी किंमत विचारली की कौतुकाने तुमच्याकडे बघते.