बेण्याची वंशावळ ठाऊक, घराण्याची कधी शोधणार?



को. ८६०३२ चे आई-बाप कोण, असे मला कोणी विचारले तर मी लगेच सांगतो : को. ६२१९८ आणि को.सी. ६७१. कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात (स्थापना १९१२) प्रत्येक जातीची वंशावळ वहीत लिहिलेली असते. पण आपल्या पणजोबांच्या वडिलांचे नाव विचारले तर दहांतले आठजण डोके खाजवतात. मीही त्यातलाच होतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गट ऑफिसात एक सभासद आले. ठिबकचा अर्ज भरायचा होता. विहीर सामाईक, म्हणून चुलत घराच्या संमतीची सही पाहिजे. तर हे म्हणाले, "साहेब, ऊस वाळला तरी चालेल, पण त्या उंबऱ्यावर जाणार नाही." कारण काय, तर थोरल्या घराने चावडीत साटेलोटे करून आपला पाण्याचा हिस्सा खाल्ला, असे तीन पिढ्या त्यांच्या घरी सांगत आलेले. मी म्हटले, "कागद बघितलाय का कुणी?" बघितला नव्हता.

मग आम्ही शोध सुरू केला. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुन्या फेरफाराची नक्कल काढली. ती मोडीत! कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी काळची दप्तरे आहेत. तिथे मोडी वाचणारे एक गृहस्थ भेटले, त्यांनी तासाभरात वाचून दिली. धाकट्या पणजोबांनी स्वतःच पाण्याचा निम्मा हिस्सा सावकाराकडे गहाण टाकला होता, आणि थोरल्याने पैसे भरून तो सोडवून घेतला होता. खाली दोघांचे अंगठे.

सभासद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "आमच्या आजीला हे ठाऊक असणार." त्या दिवाळीला दोन्ही घरांत फराळाची ताटे गेली. ठिबकच्या अर्जावर सही झाली.

ज्यांना शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी क्रम असा :

१) आधी घरातली म्हातारी माणसे. कागद कुठे पळून जात नाही, माणूस जातो. नावे, गावे, सोयरीक वहीत लिहून घ्या.

२) तलाठी व तहसील कार्यालय : जुने सातबारा, फेरफार, आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक. शाळेचे जुने जनरल रजिस्टरही बघा. त्यात जन्मतारीख व वडिलांचे नाव मिळते.

३) सुगीनंतर दारी येणारे हेळवी आणि नाशिक, त्र्यंबक, पंढरपूरचे तीर्थोपाध्ये. यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे असतात. हेळव्याला पायली घालून वाटेला लावू नका, बसवून विचारा.

४) ग्रंथालय व पुराभिलेखागार : कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे आहे. अशा जुन्या वाचनालयांत जिल्ह्याचे गॅझेटिअर चाळा. कोल्हापूरचे १८८६ साली छापले गेले. घराण्याचे नाव मिळेलच असे नाही, पण गावाचा काळ कळतो. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे.

जुन्या कागदावरचा शक दिसला तर ७८ मिळवा, फसली सन असेल तर सुमारे ५९०. इसवी सन निघतो. एकाच माणसाचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेले असते, त्याने गोंधळू नका. वडिलांचे नाव आणि जमिनीचा नंबर जुळवून बघा.

एक इशारा. जुना कागद सापडला म्हणून लगेच कोर्टाची पायरी चढू नका. हक्काचा प्रश्न असेल तर वकिलाला दाखवा, आणि त्याआधी भावाला दाखवा. २०२३ पासून दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधणारे पुष्कळ झाले आहेत. दाखला मिळाला की वही बंद करू नका. मुलांना बसवून एकदा ती नावे वाचून दाखवा.

गळीत हंगाम संपला की आठवडाभर सवड असते. खोडवा राखता तसे हेही राखायचे काम आहे. ट्रंकेतले कागद उन्हात घालताना नीट बघा. वाचता येत नसलेला मोडी कागद रद्दीत घालू नका, गट ऑफिसात आणा. वाचणाऱ्याचा पत्ता आम्ही देऊ.

— ऊस विकास अधिकारी